चोवीसचा जावई, सव्वीसचं लायसन

माझ्या ड्रायव्हिंग लायसनची मुदत संपून गेली तरी मी ते रिन्यू केलं नाही, यामागं आळस नव्हता. जिल्ह्याचा अभिमान होता.

हसू नका. तुम्ही बहुतेक एकाच जिल्ह्यात जन्मून, तिथंच नोकरी धरून, तिथलीच बायको केलेली सुखी माणसं असाल. माझं तसं नाही. मी मूळचा रेणापूरचा, म्हणजे अस्सल लातूर जिल्ह्याचा. नोकरी लागली नांदेडला, हायस्कूलवर विज्ञान शिकवायची. आणि बायकोही मिळाली नांदेडचीच. (दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या. त्या वर्षी माझे ग्रह कुठं फिरत होते, हे मी भीतीपोटी अजून कुणाला विचारलेलं नाही.) तेव्हापासून आमच्या घरात दोन जिल्हे एकाच गॅसवर स्वयंपाक करतात.

विभागीय आयुक्तालय लातूरला व्हावं की नांदेडला, याचं सरकारात काय ठरायचं ते ठरो. आमच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न रोज निघतो आणि रोज नांदेडच्या बाजूनं सुटतो, कारण लाटणं सुलभाच्या हातात असतं. मी म्हणतो, "लातूरची तूरडाळ अख्ख्या देशात जाते!" सुलभा म्हणते, "जाऊ द्या की. पण शिजवायला पाणी कुठंय तुमच्याकडं? आमच्याकडं गोदावरी हाय!" मी म्हणतो, "लातूरला शिकायला महाराष्ट्रभरातून पोरं येतात!" ती म्हणते, "आणि शिकून झालं की मास्तर नोकरीला नांदेडला येतात." इथं मी पेपर वाचायला घेतो.

नांदेडला राहून राहून माझ्यातलं लातूर एकेक करून गळत चाललं होतं. रेशनकार्ड रेणापूरहून इकडं आलं, त्याचा नंबर बदलला. गॅसचं बुक बदललं. मतदारयादीत नाव इकडं आलं. आधारवर नांदेडचा पत्ता चढला. उरल्या होत्या दोनच गोष्टी. एक माझी गाडी. ती मी मुद्दाम लातूरला जाऊन थोरल्या भावाच्या नावावर घेतली, का तर नंबर एमएच चोवीस मिळावा. नांदेडात जिकडं बघावं तिकडं एमएच सव्वीस. त्या गर्दीत एखादी चोवीसची गाडी दिसली की मी हॉर्न वाजवून हात करतो. (समोरचा बहुतेक वेळा घाबरून गाडी कडेला घेतो आणि चाकं तपासतो.) आणि दुसरी गोष्ट म्हणजे माझं लायसन. कॉलेजात असताना लातूरला काढलेलं. नंबराच्या सुरुवातीलाच एमएच चोवीस! ते खिशात असलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, नांदेडकरांनी काहीही करावं, हे त्यांना बदलता यायचं नाही.

आणि त्याचीच मुदत संपत आली.

हे पहिल्यांदा पाहिलं माझा मेहुणा प्रकाश यानं. प्रकाशचं वजिराबादला हार्डवेअरचं दुकान आहे आणि जगातली कुठलीही अडचण आपण दहा मिनिटांत सोडवू शकतो अशी त्याची समजूत आहे. त्यानं माझं लायसन हातात घेऊन तारीख वाचली.

"दाजी, हे तर संपून राहिलंय की! चला, उद्या करून टाकू."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इथं नांदेडला."

"इथं केलं की नंबर सव्वीस होतो, प्रकाश."

"मग होऊ द्या की! सव्वीस चोवीसपेक्षा मोठाच हाय!"

या एका वाक्यानं माझं टाळकं सरकलं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की करीन तर लातूरला जाऊनच करीन, नाहीतर करणारच नाही! सुलभानं आतून विचारलं, "कुणाचं काय करून राहिले?" प्रकाश म्हणाला, "काही न्हाई गं ताई, लातूरचा झेंडा वर चढून राहिलाय."

आता, रिन्यू केलं की नंबर बदलतो हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. रेशनकार्डाचा बदलला, म्हणजे लायसनचाही बदलणार, असा मी निरीक्षणावरून निष्कर्ष काढला होता. विज्ञानाचा मास्तर आहे मी!

तर लातूरला जायचं ठरलं. पण मास्तरला सुट्टी कधी? दिवाळीत. दिवाळीत लातूरला गेलो, तर लक्षात आलं की सरकारी कचेरीलाही दिवाळी असते. मग प्रजासत्ताक दिनाला जोडून गेलो. तिथंही कुलूप, कारण प्रजासत्ताक सगळ्यांचंच आहे. मे महिन्यात लातूर उघडं होतं आणि मीही मोकळा होतो, पण भावकीत लग्नांचा असा सपाटा होता की एका मांडवातून उठलो की दुसऱ्या मांडवात बसवत. कचेरीच्या वेळेत मी प्रत्येक वेळी कुणाच्यातरी पंगतीत बुंदी वाढत होतो.

तरी मी निष्काळजी माणूस नाही. मी चौकशी केली. आमचा व्हॉट्सॅपवर 'सोयरे मंडळी' नावाचा ग्रुप आहे, त्यावर प्रश्न टाकला, की लायसन संपल्यावर किती दिवस चालतं? उत्तरांचा पाऊस! लातूरहून थोरल्या भावानं लिहिलं, "आपल्याकडं वर्षभर काई हुत न्हाई, कशाला घाई करायलास?" हैदराबादच्या साडूंनी कळवलं, की लॉकडाऊनमध्ये मुदत वाढवून दिली होती, अजून चालू असेल. दुबईहून भाच्यानं लिहिलं, "मामा, इथं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासले की नवं कार्ड. उशीर झाला तर दंड भरायचा, बस!" पुण्याहून सुलभाची चुलतबहीण म्हणाली, "अहो भावजी, आमच्याकडे तर हे सगळं घरबसल्या मोबाईलवर होतं."

पुण्याचं उत्तर मी वाचून सोडून दिलं. पुण्याचं पुण्याला! बाकीच्यांतून मी लातूरचं वर्ष घेतलं, हैदराबादची वाढीव मुदत त्याला जोडली आणि वर दुबईचा दंड ठेवला. असा जो नियम तयार झाला तो पृथ्वीच्या पाठीवर कुठंच लागू नव्हता. पण त्या नियमावर मी वर्षाहून जास्त काळ अगदी निर्धास्त गाडी चालवली.

आणि मग ऋतुजाची ऑर्डर आली.

ऋतुजा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, घरातली ऋतू. ती उदगीरला जनावरांची डॉक्टर झाली. (उदगीर लातूर जिल्ह्यात आहे, हे मी इथं नमूद करून पुढं जातो.) आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली डॉक्टर! "जनावरांची का असेना," असं प्रकाश एकदा बोलून गेला. त्यावर ऋतू म्हणाली, "मामा, तुम्हाला कधी बरं वाटेना झालं तर माझ्याकडंच या." तिची पहिली नेमणूक झाली इस्लापूरला, किनवट तालुक्यात, सहस्रकुंड धबधब्याजवळ. तिथला जनावरांचा दवाखाना आता आमची ऋतू बघणार! मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हतो त्यांच्याही हातात पेढा ठेवून आलो, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की आता भांडण मिटल्यासारखं झालं.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकरू पहिल्या नोकरीला निघालं की बापानं स्वतः नेऊन पोचवायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला रेणापूरहून एसटीनं आणून नांदेडला सोडलं होतं. ऋतूची वेळ येईल तेव्हा मी तिला माझ्या गाडीतून, स्वतः चालवत नेणार, असं मी ती दहावीला असल्यापासून सगळ्यांना ऐकवत आलो होतो. आयुष्यात मी फार काही मागितलेलं नाही. एवढं एक मला हवं होतं.

"रुजू व्हायला पंधरा दिवस हायत," मी पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणालो, "सकाळी लवकर निघायचं. मी, तू आणि तुझी आई."

"दाजी," प्रकाश शांतपणे म्हणाला, "लायसन दाखवा बरं."

मी पाकीट काढलं. त्यानं तारीख वाचली. मग सुलभानं वाचली. मग ऋतूनं वाचली.

"ओ, ह्याला तर वर्षावर काळ झाला!" सुलभा ओरडली. "इतके दिवस तुम्ही मला ह्या गाडीतून माहेरी नेऊन राहिले होते?"

"तुझं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे."

"दोन गल्ल्यांत माणूस मरत न्हाई का?"

"काळजी करू नका," प्रकाश म्हणाला. "माझी जीप हाय की. मी सोडतो पोरीला. दाजी, तुम्ही मागं बसा आरामात."

प्रकाशच्या जीपचा नंबर एमएच सव्वीस. म्हणजे माझ्या पोरीला पहिल्या नोकरीवर नांदेडची गाडी नेणार, नांदेडचा माणूस नेणार आणि मी मागं डब्यांच्या पिशव्या धरून बसणार! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (दोन पोळ्या गेल्या. पण एरवी चार जातात.)

दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकून मी ऋतूला घेऊन लातूरला निघालो. अर्थात एसटीनं, कारण गाडीला हात लावायला सुलभानं बंदी घातली होती आणि किल्ली तांदळाच्या डब्यात गेली होती. लोहा, अहमदपूर करत गाडी लातूरच्या हद्दीत शिरली तशी माझी छाती फुगली.

"घे श्वास, ऋतू. ही हवाच वेगळी!"

"पप्पा, डाळमिलचा भुसा उडून राहिलाय. नाकाला रुमाल लावा."

कचेरीत खिडकीपाशी एक भले साहेब बसले होते. मी लायसन त्यांच्यापुढं थाटात ठेवलं.

"रिन्यू करायचंय. चोवीसचं आहे!"

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "राहायला कुठं?"

"सध्या नांदेडला." (सध्या म्हणजे लग्न झाल्यापासून.)

"मग एवढ्या लांब कशाला आलाव?"

"तिकडं केलं तर नंबर सव्वीस होईल ना, साहेब."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाले, "ओ, जरा हिकडं ऐका. सर, परत एकदा सांगा बरं, कशासाठी आलाव?"

मी परत सांगितलं. शेजारच्या टेबलानं चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या पलीकडच्या बाईंनी फाईल तोंडावर धरली. फाईल हलत होती.

"सर," साहेब म्हणाले, "लायसनचा नंबर बदलत न्हाई. नांदेडला करा न्हाईतर नागपूरला करा, जलमभर हाच ऱ्हातो."

"म्हणजे चोवीसच?"

"चोवीसच! आन् मुदतीत केलं असतं तर हितं यायचं कामच नव्हतं. घरी बसून मोबाईलवर झालं असतं."

"पुण्याची मावशी हेच म्हणाली होती," ऋतू म्हणाली. पोटच्या पोरीनं असं ऐन वेळेला साक्षीदार व्हावं!

"बरं, मग आता द्या करून," मी घाईनं विषय पुढं ढकलला.

"आता न्हाई जमत. वर्षाच्या आत आला असताव तर साधं काम होतं. वर्ष उलटलं की शिकाऊ लायसन काढायचं, मग महिन्यानं गाडी चालवून दाखवायची."

"कोणी?"

"तुम्ही."

"मी? अहो, मी कॉलेजात असल्यापासून गाडी चालवतोय! परवाच तर..."

ऋतूनं माझ्या पायावर असा पाय दिला की पुढचं वाक्य परत पोटात गेलं. परवा मी कशावर गाडी चालवली, हे त्या खिडकीत सांगण्यासारखं नव्हतं.

"ठीक आहे," मी शेवटचा प्रयत्न केला. "शिकाऊ तर शिकाऊ. पण ते इथंच काढतो."

"आधारवर पत्ता कुठला?"

"नांदेडचा."

"मग शिकाऊ तिकडंच निघंल. त्याच्यावर नंबर बी तिकडचाच येतो."

"तिकडचा म्हणजे?"

"सव्वीस."

ऋतू मागच्या बाकावर जाऊन बसली आणि ओढणीत तोंड खुपसून हसायला लागली. तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी तिला विचारलं, तिनं सांगितलं, मग तेही हसायला लागले. ज्या सव्वीसपासून पळत मी वर्षभर लपून राहिलो, तो सव्वीस मला लातूरच्या कचेरीनं स्वतः हातात दिला होता!

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. महिन्यानं परीक्षा, आणि ऋतूला रुजू व्हायचं त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे जीप नक्की. प्रकाश नक्की. मला खरंच रडू यायला लागलं होतं. खिडकीतून धूळ येत होती म्हणून बरं.

"पप्पा," ऋतू म्हणाली, "शिकाऊ लायसनवर गाडी चालवता येते."

"काय सांगतेस!"

"हाव. फक्त गाडीला एल लावायचा आणि शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसवायचं. ते शिकवणार."

"शेजारी कोण बसणार? तुझा मामा? त्यापेक्षा मी इस्लापूरला चालत जाईन!"

"मी हाय की पप्पा. माझं हाय ना लायसन."

तिचं लायसन नांदेडला काढलेलं, सव्वीसचं. तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नव्हतो. आता त्या सव्वीसकडं बघून मला इतकं भरून आलं की अहमदपूरला मी तिला दोन प्लेट भजी खाऊ घातली.

नांदेडला शिकाऊ लायसनची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. मी आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलं (चाळिशीनंतर ते लागतं, डॉक्टर म्हणाले, "सर, तब्येत ठणठणीत. आता अभ्यास करा.") आणि परीक्षेला जाऊन रांगेत उभा राहिलो. पुढं-मागं सगळी कॉलेजची पोरं. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली!

"सर, तुम्ही? इथं तुमची ड्युटी हाय का?"

"नाही. मी... बसतोय."

"परीक्षेला?" ते पोरगं आनंदानं मागं वळून ओरडलं, "ए, सर बी बसून राहिलेत रे!"

आयुष्यभर मी वर्गात फिरत, वाकून बघणाऱ्या पोरांच्या माना सरळ करत आलो. त्या दिवशी एका खुणेपाशी अडलो. लाल गोल, आत आडवी पट्टी. माझी मान आपोआप शेजारच्या पडद्याकडं वळली. त्याला वेगळाच प्रश्न आला होता! आणि वर ते पोरगं हळूच म्हणालं, "सर, स्वतःच्या पेपरकडं बघा." हे वाक्य मी त्याला नववीत शिकवलं होतं.

पास झालो. घरी आलो तर दारात प्रकाश हार घेऊन उभा! माझ्या गळ्यात हार घालून, नारळ देऊन, फोटो काढून त्यानं तो 'सोयरे मंडळी'वर टाकला: "आमचे दाजी अखेर सव्वीसमध्ये आले! हार्दिक स्वागत!" दुबईहून टाळ्या आल्या. हैदराबादहून फुलं आली. पुण्याहून "अभिनंदन भावजी, पण घरबसल्या झालं असतं" असं आलं. लातूरहून थोरल्या भावाचं काहीच आलं नाही. दोन दिवसांनी त्याचा एकच निरोप आला, "आबांनी बघितलं असतं तर काय म्हणले असते?"

मग एलचं स्टिकर आणायला सलीमभाईंच्या रेडियमच्या दुकानात गेलो. पांढऱ्यावर लाल एल. सलीमभाई कात्री चालवत म्हणाले, "किसके वास्ते सर?"

"घरातलं एक लेकरू गाडी शिकतंय," मी म्हणालो.

"अरे वा! फिर मागं बी लावा, आगे बी लावा. बच्चे का मामला हाय, लोकांनी दूर से पहचानना." आणि त्यांनी पुढचा एल मागच्याच्या दुप्पट कापला. तो लावल्यावर माझ्या गाडीचा चोवीस नंबर कुणाला दिसेना.

शेवटी तो दिवस उजाडला. सुलभानं तांदळाच्या डब्यातून किल्ली काढली, गाडीपुढं नारळ फोडला, मला कुंकू लावलं आणि मागं जाऊन बसली. ऋतू शेजारी बसली. प्रकाश म्हणाला, "दाजी, मी जीप घेऊन मागून येतो. काही झालं तर असावं." मी म्हणालो, "काही होणार नाही!" आणि निघण्याच्या नादात गाडी मागं घेतली. प्रकाश उडी मारून ओट्यावर चढला.

"पप्पा," ऋतू शांतपणे म्हणाली, "पहिल्यांदा गिअर बघायचा."

तिथून पुढं भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरपर्यंत माझी शिकवणी चालली. "पप्पा, इंडिकेटर." "पप्पा, आरसा." "पप्पा, क्लचवर पाय ठेवून कामून चालवून राहिले?" लहानपणी पाढे चुकले की मी ज्या सुरात तिला "पुन्हा!" म्हणायचो, अगदी त्याच सुरात तिनं मला म्हटलं. आणि खरं सांगू का? तिचं सगळं बरोबर होतं. वर्षानुवर्षं मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत होतो. मागं सुलभा फोनवर जीपमधल्या प्रकाशला बातम्या देत होती: "आता वळून राहिलेत... वळले... न्हाई, पाऊण वळले."

भोकरच्या पुढं एका पोलिसानं हात केला. त्यानं पुढचा प्रचंड एल पाहिला, आत वाकून माझे पांढरे केस पाहिले, मग ऋतूकडं पाहिलं.

"शिकणारं कोण हाय?"

मी हात वर केला. वर्गात करतात तसा.

त्यानं माझं शिकाऊ लायसन पाहिलं, ऋतूचं पक्कं पाहिलं, मग नंबरप्लेट शोधली. "गाडी चोवीसची, आन् माणसं सव्वीसची?"

मी तोंड उघडणार तोच मागून सुलभाचा आवाज आला, "हाव साहेब! माणसं सव्वीसचीच हायत!"

लग्नानंतर पहिल्यांदाच हा मुद्दा मी विनातक्रार सोडून दिला. पोलिसानं ऋतूला विचारलं, "ताई, कुठं चालल्या?" ती म्हणाली, "इस्लापूरला. जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टर आहे, आज रुजू व्हायचंय." त्यानं एकदम कागद परत दिले आणि म्हणाला, "डॉक्टर मॅडम, माझ्या मेव्हण्याची म्हैस तिकडंच हाय, लई दिवस झाले गाभण राहीना. येऊ का घेऊन?" रस्त्याच्या कडेला, माझ्या पोरीनं त्या माणसाला म्हशीबद्दल असे काही प्रश्न विचारले, आणि त्यानं इतक्या आदबीनं उत्तरं दिली, की मी स्टिअरिंग धरून नुसता ऐकत राहिलो. काल-परवापर्यंत वहीला कव्हर घालायला माझ्याकडं येणारी पोर! त्या अभिमानाच्या भरात पुढं निघताना माझ्या हातून गाडी दोनदा बंद पडली. ऋतूला वाटलं क्लच. मीही तिला तसंच वाटू दिलं.

इस्लापूरला पोचलो तेव्हा दवाखान्यासमोर चार-पाच शेतकरी, एक गाय आणि शेळी घेऊन आलेली एक म्हातारी थांबली होती. नव्या डॉक्टर येणार हे गावात कळलेलं होतं. मी गाडी लावली. एका झटक्यात, सरळ, भिंतीपासून बरोबर अंतर ठेवून. ऋतू हळूच म्हणाली, "छान लावली पप्पा." शाळेत मला आदर्श शिक्षकाचं पत्र मिळालं होतं तेव्हाही मी एवढा फुललो नव्हतो.

ती उतरली. लोकांनी नमस्कार केले, कुणीतरी गुलाबाचं फूल दिलं, आणि ती फूल पर्समध्ये ठेवून आधी गाईच्या डोळ्यांत बघायला गेली. मी गाडीजवळच उभा राहिलो. शेळीवाली म्हातारी माझ्याकडं आली. तिनं गाडीवरचा एवढा मोठा लाल एल पाहिला, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मॅडमनं नवा डायवर ठिवला का गं बाई?" तिनं सुलभाला विचारलं. मग माझ्याकडं वळून, जरा दयेनं म्हणाली, "ह्या वयात शिकून राहिले का, बापू?"

मी छाती काढून म्हणालो, "हाव आजी! मॅडमच्याच हाताखाली शिकून राहिलो. अजून पास केलं न्हाई त्यांनी, पण काढून बी टाकलं न्हाई!"